सावलीरावांची गार खोली

"आता आलीच," असं सावलीराव पुन्हा म्हणाले, तेव्हा वहिनींनी पिठाची गिरणी मागे टाकली होती, सायकलवाल्याचं दुकान मागे टाकलं होतं आणि गाडी कुठे दिसेल ही आशाही जवळजवळ मागेच टाकली होती.

"भाऊजी, गाडी याच गावात ठेवलीय ना?"

"तुम्ही आवरायला घेतलंत तेव्हा दारातच होती. मग दारातली सावली गिरणीच्या भिंतीला गेली, तिथून शाळेच्या कुंपणाला. मी आपला तिच्या मागे मागे."

"म्हणजे गाडी सावलीत आणि माणसं उन्हात!"

"माणसाला घाम येतो, वहिनी. पत्र्याला येतो का? गाडी उन्हात भट्टीसारखी तापवायची आणि मग पेट्रोल जाळून ती गार करायची, याला काय अर्थ आहे?"

वहिनींनी छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. या माणसाशी वाद घालण्यापेक्षा चालणं सोपं.

सावलीराव म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. टॅक्सी चालवतात. नाव ठेवलं ते स्टँडवरच्या मित्रांनी. सगळ्यांच्या गाड्या रांगेत उभ्या, यांची एकटी लांब कुठेतरी झाडाखाली, आणि गिऱ्हाईक आलं की सगळ्या स्टँडने मिळून हाका मारायच्या. गाडीवर त्यांचा जीव. वैद्याने नाडी बघावी तशी रोज सकाळी चाकांतली हवा बघणार. हवा कमी तर इंजिनाला कष्ट जास्त. डिकीत उगाच वजन नको म्हणून एक चिंधीसुद्धा नाही. एकदा वहिनींनी जास्वंदीची कुंडी न्यायला सांगितली, तर आधी त्यातली अर्धी माती काढली आणि मग कुंडी डिकीत ठेवली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "राहून गेलं." आईबरोबर एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या खोलीत राहतात.

आज ते वहिनींना न्यायला आले होते, कारण सासूबाईंचा निरोप होता: माझी पिशवी भरायला ये, मी आता थोरल्याकडेच राहणार. थोरला म्हणजे वहिनींचे यजमान.

हे पिशवीचं प्रकरण उन्हाळा लागला तेव्हाचं. वरच्या खोलीच्या डोक्यावर नुसता स्लॅब. तो दिवसभर ऊन प्यायचा आणि रात्रभर खोलीत ओकायचा. सासूबाई फरशीवर पाणी शिंपडून तिच्यावर आडव्या व्हायच्या. एक दिवस त्यांना भोवळ आली. थोरला धावत आला आणि त्याने निकालच लावला. "खोली गार होत असेल तर बघा. नाहीतर आई माझ्याकडे. माझ्याकडे एसी आहे."

"तुझा एसी तुला लखलाभ," सासूबाई म्हणाल्या. "माझे गुडघे धरतात त्यात."

चहा संपल्यावरही सावलीराव रिकामा कप तोंडाला लावत होते, हे वहिनींनी पाहिलं. आई गेली, तर संध्याकाळी घरी येऊन हा माणूस भांडणार कुणाशी?

दुसऱ्या दिवशीच त्यांनी खिडक्यांना बाहेरून चटया बांधल्या आणि दुपारी खिडक्या बंद ठेवायचं फर्मान काढलं.

"ऐन उन्हाळ्यात खिडक्या बंद? मला वाफवतोस का रे?"

"अगं आई, बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली. रात्री सताड उघडू, ऊन चढलं की लावून घेऊ."

"आणि पडदे होते ते काय वाईट होते?"

"ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढायचा, म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावायची!"

मग गच्चीला पांढरा चुना. मजूर नको, मीच लावतो म्हणाले. इथे त्यांचा स्वभाव आडवा आला. शहाणा माणूस लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करतो आणि जिन्याच्या दारापाशी येऊन थांबतो. सावलीराव सावलीतून सुरू झाले. सकाळी सावली जिन्याच्या खोलीची, म्हणून दारापाशी पहिला हात. ती आखडली तसे ते पाण्याच्या टाकीच्या सावलीकडे सरकत गेले, आणि शेवटचा हात मारून उभे राहिले तेव्हा ते लांबच्या कोपऱ्यात टाकीपाशी, दार या टोकाला आणि मध्ये सगळा ओला चुना.

वहिनी तेव्हा डबा घेऊन आल्या होत्या. सासूबाई जिन्यातून ओरडल्या, "जेवायला येतोस ना?"

"वाळल्यावर येतो!"

ऊन डोक्यावर आलं आणि टाकीची सावली टाकीनेच गिळली. ज्या माणसाने जन्मभर गाडीला ऊन लागू दिलं नाही, तो वरून उन्हाने आणि खालून पांढऱ्या गच्चीच्या झळांनी दोन्हीकडून भाजून निघाला.

"जगाला चुना लावणारे पुष्कळ पाहिले," सासूबाई म्हणाल्या, "स्वतःलाच लावून घेणारा हा एकटा!"

पण गुण आला. पुढच्या दुपारी वहिनींनी पलंगावर उभं राहून छताला हात लावला. आधी चटका बसायचा, आता तळहात टेकून उभं राहता आलं. त्यांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. सावलीरावांचे मानायचे राहिले. ते सालटं निघालेलं नाक घेऊन कोपऱ्यात बसले होते.

रविवारी थोरला आईचं सामान न्यायला रिकामी पिशवी घेऊन आला. "बघू तरी," म्हणत चटईवर टेकला, आणि दिवेलागणीला घोरायचा थांबला. डोळे चोळत म्हणाला, "बरं, राहू दे अजून थोडे दिवस," आणि पिशवी तिथेच विसरून गेला.

तो गप्प बसता तर बरं झालं असतं. पण धाकट्या भावाचं कौतुक पोटात कसं राहणार? त्याने गावभर सांगितलं. मग खालची शिंपीण मशीन घेऊन वर आली. सावलीरावांची मावशी दुपारच्या झोपेला आली ती उशी घेऊनच आली. स्टँडवरचे टॅक्सीवाले "सहज" येऊ लागले. दार सारखं उघडं, बाहेरची झळ आत, आणि एवढ्या माणसांच्या अंगाची ऊब वेगळी. खोली पुन्हा तापली.

"माझ्याच पलंगावर मला नंबर लावावा लागतो," सासूबाई कडाडल्या. "थोरल्याकडे निदान गारवा जाईल म्हणून कुणाला आत घेत नाहीत!" आणि त्यांनी थोरल्याची पिशवी शोधून काढली.

गाडी एकदाची दिसली. सावलीरावांनी आधी चारही काचा खाली केल्या, कोंडलेली हवा जाऊ दिली, चावी लावली. पण फिरवली नाही.

"वहिनी, एक काम होतं. तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे."

खरंच होतं ते. नको असलेल्या पाहुण्यांना त्या "या, या" म्हणत नसत, "आलात?" म्हणत.

"म्हणून म्हणतो, तुम्ही सगळ्यांना सांगा, वरच्या खोलीत फार उकडतं."

"भाऊजी! रोज देवापुढे बसते मी."

"अहो, खोटं कुठे आहे? एवढी माणसं बसली की उकडतंच. फक्त 'माणसं बसली की' एवढं गाळा. ते देवाला नंतर सांगा."

वहिनींना हसू आवरेना. "आणि तुमच्या दादांच्या कानावर गेलं म्हणजे? ते आजच आईंना घेऊन येतील."

सावलीरावांनी नाकावरचं सालटं खाजवलं. "दादाला सांगा, गार आहे. बाकी सगळ्यांना गरम." मग त्यांनी आरशात बघत, वहिनींकडे न बघता, हळूच म्हटलं, "आणि आईची पिशवी भरायला बसाल ना, ती जरा सावकाश भरा. पावसाळ्यापर्यंत पुरेल इतकी सावकाश."