मेलेली उठेपर्यंत

इब्रामपूरच्या देवळाच्या मंडपात रशियन नाच दाखवायची टूम माझ्या बाबांची. ते शाळामास्तर. गोवा मुक्त झाल्यावर गावाला शहाणं करायचा मक्ता जणू त्यांनीच घेतलेला. पणजीच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे प्रोजेक्टर होता, आणि रशियातल्या कुठल्याशा नाटकघरात झालेला नाच जसाच्या तसा टिपलेली रिळं होती. शेजारच्या काजूवाल्याच्या जीपमधून ते सगळं आलं. गावात जीप तेवढी एकच.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाय म्हणायचो, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला पुढच्या बाकावर बसवलं. पडद्यावर पांढऱ्या झग्यांतल्या पोरी पायाच्या बोटांवर उभ्या राहून नाचायला लागल्या आणि मंडप गप्पच झाला. त्यांचे पाय भुईला लागतच नव्हते म्हणा ना. आवडलं म्हणावं की भ्यावं, कोणाला कळेना. शेवटी त्यांतली मुख्य पोर कोसळली, मेली, आणि नेमका तेव्हाच प्रोजेक्टरचा दिवा फट् करून गेला. दुसरा दिवा नव्हता. गृहस्थांनी गाशा गुंडाळला.

लोक मात्र उठेनात. आमच्याकडे दशावतारात मेलेला राक्षससुद्धा पहाटे उठतो, सगळ्यांबरोबर देवापुढे उभा राहतो, दहीकाला होतो, मग माणसं घरी जातात. त्याशिवाय खेळ संपला असं कोणी म्हणत नाही.

“मेलेल्या पोरीक अशीच टाकून खय चललात?” आईने बाबांना विचारलं.

“अगो, पडद्यावरची बाई ती. कधीच घरी जाऊन जेवली असेल,” बाबा हसले. आई हसली नाही. बाय तर मुळीच नाही.

त्या दिवसापासून बायने धसका घेतला. एकटी परसात जाईना, खोलीचं जनेल उघडू देईना. म्हणे, ती बाहेर पडून आहे. पुढे पोटातलं हलणं कमी झालं. सुईणीने बराच वेळ पोटावर हात ठेवला आणि बायकडे न बघता बाबांना सांगितलं, आजच्या आज म्हापशाच्या इस्पितळात न्या.

“आधी माका ती उठलेली दाखवा,” बाय म्हणाली. हटूनच बसली. आई पदर तोंडाला लावून रडत होती. आणि आमचे बाबा, मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढे चालणारे बाबा, त्यांनी काय करावं? जीप पणजीला धाडली. हसणाऱ्या माणसाने शेवटपर्यंत हसत तरी राहावं. मला त्यांचा आजही राग येतो.

दिवेलागणीला जीप प्रोजेक्टर, रिळं आणि नवा दिवा घेऊन परत आली. शेवटचं रीळ लावलं. पोर पुन्हा कोसळली, पुन्हा मेली. तिकडच्या रंगमंचाचा पडदा पडला. मग तो पडदा वर गेला आणि ती बाकीच्यांचे हात धरून पुढे आली, चांगली हसत, कमरेत वाकली. कोणीतरी तिला फुलं दिली. आमची माणसं उठून उभी राहिली, हात जोडले. आईने आरतीचं तबक फिरवलं.

“बघितलंस? उठली ना ती?” बाबांनी बायला विचारलं.

बायचे दोन्ही हात पोटावर होते. “ती उठली, बाबा,” ती म्हणाली. “ह्यां हलना नाय.”

मग तिला जीपमध्ये घातलं. काही दिवसांनी ती रिकाम्या ओटीने घरी आली. बाबांना कोणी एका शब्दाने बोललं नाही, आईसुद्धा नाही. पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पणजीची वाट म्हापशावरूनच जाते. त्या दिवशी जीप इस्पितळावरून गेली तेव्हा तिची मागची बाकं रिकामी होती.