काशीच्या तिकिटावरचं दुसरं नाव

७ ऑक्टोबर १९९१, सोमवार. सर्वपित्री अमावास्या. सकाळी साडेपाच वाजता मी जळगाव स्टेशनच्या आरक्षण खिडकीसमोर बायकांच्या रांगेत उभी राहिले. सहा डिसेंबरची काशीची दोन तिकिटं काढायची होती. त्या वेळी गाडीच्या साठ दिवस आधी आरक्षण उघडायचं. त्या सकाळी जो खिडकीशी असेल त्याला साध्या दरात बर्थ मिळायचा, बाकीच्यांना दलालाकडे जावं लागायचं. आमच्या घरात तिकिटं काढणं हे माझं खातं होतं. स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि बायकांची रांग पुरुषांच्या रांगेपेक्षा नेहमीच लहान. त्यात अमावास्या म्हणजे निम्मे लोक यात्रेचं तिकीट काढायला बाहेर पडणार नाहीत, हाही हिशेब मी केला होता. दुपारी सासऱ्यांच्या नावाने घास टाकायचा होता. पण खिरीचे तांदूळ निवडून ठेवले होते, डाळ भिजत घातली होती. अकरापर्यंत घरी पोचलं तरी चालणार होतं.

देवावर माझा विश्वास आहे, पण मी त्याला फारसा त्रास देत नाही. उठल्यावर दिवा लावते आणि कामाला लागते. त्यामुळे लोक अनुभव सांगतात तसं माझ्याकडे काही सांगण्यासारखं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. जे झालं ते आधी मी केलेल्या एका लबाडीशिवाय सांगता येत नाही, म्हणून ती आधी सांगते.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, धुळ्याला धाकट्या दिराकडे राहायच्या. सासरे गेल्यापासून त्यांच्या मनात काशी होती. दोघी सुना एकदम घराबाहेर नकोत, एकीनेच सोबत यायचं, असं त्यांनीच ठरवलं. गणपतीत आम्ही सगळे धुळ्याला जमलो होतो तेव्हा जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "शालन येई मनासंगे. मोठी, तू तिकिटं काढी ठेव." मोठी म्हणजे मी. शालन म्हणजे माझी धाकटी जाऊ.

शालनबद्दल खरं लिहायचं तर वाईट काहीच लिहिता येत नाही, आणि तीच माझी अडचण होती. ती भाकरी करपवायची, किल्ल्या हरवायची, साडेसातला उठायची. पण बोलायला लागली की अक्का हसून हसून पदर तोंडाला लावायच्या. दोन वर्षांपूर्वी अक्कांना विषमज्वर झाला तेव्हा त्या जळगावच्या दवाखान्यात अठरा दिवस होत्या. अठराही दिवस उशाशी मी होते. भांडं मी दिलं, अंग मी पुसलं, पेज मी भरवली. एकोणिसाव्या दिवशी शालन धुळ्याहून आली. पिशवीत चार पेरू, आणि तोंडात एक कसलंतरी गाणं. अक्का उठून बसल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, "देख, मनी शालन उनी. आते मी बरी व्हयनू." त्या वेळी मी पेजेचं पातेलं घासत होते. ते पातेलं मी इतकं घासलं, की त्याची कल्हई निघाली.

तर रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मी आरक्षणाचा फॉर्म भरला. पहिल्या ओळीत अक्कांचं नाव, वय सदुसष्ट. दुसऱ्या ओळीत शालनचं लिहायचं होतं. मी माझं लिहिलं. स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं, पुढे वय शेहेचाळीस लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. धुळ्याला काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. खिडकीवर शालनचं वय विचारलं, मला नक्की आठवेना, मागून लोक ओरडायला लागले, म्हणून घाईत माझं नाव घातलं, आता तिकिटावरचं नाव बदलता येत नाही. अक्कांना हे पटलं असतं. रेल्वेच्या बाबतीत मी म्हणेन ते आमच्या घरात शेवटचं असायचं.

रांगेत माझा चौथा नंबर होता. माझ्या मागे एक बाई येऊन उभी राहिली. काठाचं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायात पुरुषी, मोठ्या मापाच्या चपला. थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्याला बोट लावलं.

"ओ बाई, मले लिखता येत नही. हाऊ कागद भरी दे ना."

तिच्याजवळ दोन कोरे फॉर्म होते. एक बिघडेल म्हणून दोन घेऊन ठेव, असं तिला गावच्या मास्तरांनी सांगितलं होतं. दिवाळीनंतर सुरतला लेकीकडे बाळंतपणाला जायचं होतं. मी पिशवीवर कागद ठेवून एक फॉर्म भरला. नाव विचारलं, गाव विचारलं. गाव भडगाव. वयाला ती अडली. मग हसून म्हणाली, "लिख बावन्न. मना धल्ला सांगस पन्नास, पण त्याले काय समजस?" धल्ला म्हणजे तिचा म्हातारा. पुढच्या दोघीही हसल्या.

भरलेला फॉर्म तिला देताना माझा फॉर्म तिच्या नजरेस पडला. तिने विचारलं, "तू कोठे जाई राहिनी?"

"काशीला."

"कोनासंगे?"

"सासूबाईंसोबत."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "सासू सूनले काशीले लई जाई राहिनी! कितला जीव शे व तिना तुनावर. नशीबवान शे तू, बाई."

हे मला वीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते अशा दिवशी. मी खिडकीकडे तोंड केलं. ती अजून उघडायची होती.

मागे ती बाई कमरेची पिशवी सोडत असल्याचं मला जाणवलं. तिने माझा हात धरला आणि तळहातावर खणाच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं. सोडून पाहिलं तर चांदीचं एक जोडवं. झिजून पातळ झालेलं.

"मनी मायनं शे. काशी काशी करता करताच गयी ती. चार वरीस व्हयनात, मी हाई कंबरले बांधी फिरी राहिनू. गंगामायमां सोडी दे."

आपल्याकडे ही रीत आहेच. काशीला जाणाऱ्याजवळ शेजारीपाजारी खण देतात, सुपारी देतात, माझ्या नावाची एक बुडी मार म्हणून सांगतात. पण ते ओळखीचे लोक असतात. मी तिला म्हटलं, "अहो, ओळख ना पाळख, माझ्याजवळ चांदी कशी देता? मी विकून खाल्ली तर?"

ती मोठ्याने हसली. मी फार मोठा विनोद केला असावा अशी. "काशीले जाणारं माणूस लबाड कसं राही, बाई?"

एवढंच ती म्हणाली, आणि चपला सारख्या करत पुन्हा रांगेत नीट उभी राहिली. तिच्या दृष्टीने काम झालं होतं.

मला तिथे काही प्रकाश दिसला नाही, अंगावर काटा आला नाही. आधी आला तो राग. हिने नेमकं मलाच का द्यावं? पुढे तीन बायका उभ्या होत्या. मग मी जोडवं परत करायला हात पुढे केला. पण परत करताना काय सांगणार? मी काशीला जात नाही? मग आत्ताच काशीला म्हणून सांगितलं ते कसं? जाते म्हणावं, तर एका मेलेल्या बाईची इच्छा खोट्या नावावर गंगेपर्यंत न्यायची. न्यायला तरी काय हरकत आहे, गंगेला थोडंच कळणार, असंही मनात आलं. दहा-पंधरा मिनिटं मी त्या मुठीशी भांडत उभी होते. हातात काहीतरी अवजड असावं तसा खांदा दुखायला लागला. शेवटी मी मनात म्हटलं, देवा, मला हे जमत नाही, तूच काय ते बघ. प्रार्थना म्हणता येईल असं आयुष्यात मी बहुधा तेवढंच बोलले असेन, आणि तेही चिडून.

आठ वाजता खिडकी उघडली. माझा नंबर येईपर्यंत मी पेन काढलं होतं. माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर शालनचं नाव लिहिलं. वय एकोणचाळीस. ते मला चांगलं पाठ होतं.

खिडकीतल्या बाबूंनी फॉर्म पाहिला आणि परत सरकवला. "नावात खाडाखोड चालणार नाही. नवा फॉर्म भरून आणा."

नवे फॉर्म पलीकडच्या टेबलावर होते, आणि तिथे जाऊन येणं म्हणजे नंबर गेला. मी मागे वळून काही बोलायच्या आत एक कोरा फॉर्म माझ्या नाकासमोर आला. त्या बाईचा दुसरा. "घे. मास्तर म्हणे ते खरं व्हयनं, एक खराब व्हसच." मी तिथेच खिडकीच्या कडप्प्यावर पाच ओळी खरडल्या. बाबूंनी मोठ्या रजिस्टरमध्ये बोट फिरवलं, दोन नावं उतरवली आणि म्हणाले, "जळगावच्या कोट्यातले शेवटचे दोन होते, बाई." पलीकडच्या पुरुषांच्या रांगेत कोणीतरी चुकचुकलं.

त्या बाईबद्दल नंतर मला लोक विचारतात, ती पुन्हा दिसली का, तिचं पुढे काय झालं. त्यांना वाटतं, ती अदृश्य झाली असं मी सांगावं. ती झाली नाही. सुरतचं तिकीट घेऊन ती बाहेर बाकावर बसली, पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला आणि मलाही अर्धी दिली. मग पाचोऱ्याकडच्या पॅसेंजरला गेली. तिचं नाव, गाव, वय सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. देवाला कोणाला पाठवायचं असेल तर तो भडगावच्या बाईलाही पाठवू शकतो, एवढंच माझं म्हणणं आहे. मी अकराच्या आत घरी पोचले, खीर केली, सासऱ्यांच्या नावाने घास टाकला. आडवी रेघ मारलेला फॉर्म टाकून द्यायचा राहिला. तो पाकिटातच होता.

दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. आमचा घट धुळ्याला अक्कांच्या देवघरात बसतो, म्हणून सकाळी पहिल्या एस.टी.ने मी निघाले. पोचले तेव्हा अक्का पाटावर बसून विड्याची पानं पुसत होत्या आणि शालन मागच्या अंगणात घटासाठी काळी माती चाळत होती. निम्मी माती चाळणीबाहेर सांडलेली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिकिटं दिली, जोडवं दिलं आणि सगळं सांगितलं. माझं नाव लिहिलं होतं तेही. गोलगोल करून सांगायची मला सवय नाही.

तिने चाळणी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग राहू द्यायचं ना ताई तुमचंच. अक्का गाडीत रात्रभर घोरणार. तुम्हाला तरी सवय आहे दवाखान्यातली."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. हिला हे असं बोलणं कुठून सुचतं?

आतून अक्कांनी आवाज दिला, "काय खुसुरफुसुर चालनी?"

"काही नाही अक्का," शालन ओरडली. "ताई म्हणताहेत, मला न्या काशीला."

मी तिचा हात दाबला, पण उशीर झाला होता. मग अक्का म्हणाल्या, "मोठी काशीले गयी तर आठे बठ्ठं कोन देखी? मले तठे जीव लागी का?"

मी गेले तर मागे घरचं सगळं कोण बघणार, त्यांना तिकडे चैन कसं पडणार, हे मी वीस वर्षं ऐकत आले होते. त्या दिवशीही ते गोड लागलं नाही. पण अक्का खोटं बोलत नव्हत्या, हे मात्र पहिल्यांदा ऐकू आलं. माझ्यावर घर सोपवणं ही त्यांच्या देण्याची एक रीत होती. मला दुसरी हवी होती. ती मिळणार नव्हती, आणि फॉर्मवर नाव लिहून तर नाहीच नाही. माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. शालन हसली की आजही तो डोकं वर काढतो. फक्त त्या अमावास्येला मला एवढं कळलं, की जे माझ्याच्याने सुटत नाही ते दुसऱ्या कोणाच्या हाती देता येतं. मागणारा हातही योग्य वेळी पुढे येतो. आपण मूठ उघडायची असते. त्या उपकाराची फेड मी करू शकत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं.

शालनने जोडवं खणात पुन्हा बांधायला घेतलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या नावाने काय सोडू गंगेत?"

मी पाकिटातून तो फॉर्म काढला. आडवी रेघ मारलेलं माझं नाव होतं तेवढी पट्टी नखाने दाबून नीट फाडली, चौघडी घातली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती उलगडून पाहिली नाही. जोडव्याशेजारी ठेवली आणि खणाला गाठ मारली.

मग मी खाली ठेवलेली चाळणी उचलली, सांडलेली माती गोळा करून पुन्हा चाळली, पत्रावळीवर पसरली आणि गहू पेरले.