चोवीसचा आकडा

आमच्या चौकातल्या सिग्नलवर लाल आकडे उलटे मोजत येतात. साठ, पन्नास, चाळीसपर्यंत मी स्कूटरवर शहाण्यासारखा बसतो. चोवीस दिसले की पाय वळवळायला लागतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू आपल्याकडे आला की चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. नाहीतर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांचा होतो.

आपल्याकडे व्यावसायिक लीग निघाली तेव्हा एका संघात मीही होतो. अख्खा हंगाम बाकावर काढला. शेवटच्या सामन्यात प्रशिक्षक म्हणाले, "जा." चेंडू हातात आला, समोर कोणीच नव्हतं, आणि मी मात्र माझ्यापेक्षा बरा कुणी पास द्यायला दिसतो का, ते शोधत राहिलो. भोंगा वाजला. पुढच्या हंगामात बघू, असं सगळेच म्हणाले. पुढचा हंगाम झालाच नाही.

आज आकडा पाचवर आला आणि माझा उजवा हात हँडल सोडून वर गेला, मनगट आपोआप वाकलं. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

"काय पाहिजे, काका?"

"काही नाही."

मागे बसलेली बायको म्हणाली, "अहो, सिग्नल आहे तो. सुटायचा तेव्हाच सुटेल."

खरं आहे तिचं. इथे आकडा संपला की उलट सगळ्यांना रस्ता मिळतो. जो हात तेव्हा उचलायला हवा होता, तो आता भलत्याच जागी उचलला जातो, एवढंच.

हिरवा लागला. मागून हॉर्न एकदम वाजले. तो भोंग्यासारखा आवाज आला की आधी माझे हात चेंडू गेल्यासारखे रिकामे होतात; गाडी त्यानंतर हलते.