दुसरं कडवं

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासतात. फ्रेमच्या मापाने काचेची कड उतरवायची, काच दाबून बसवायची आणि भिंगाचा मध्य बरोबर बुबुळासमोर येतोय का ते मोजायचं. एक मिलिमीटर चुकला की गिऱ्हाईक डोकं दुखतंय म्हणत परत येतं. बावीस वर्षांत त्यांच्या हातचे चार चष्मे परत आले आणि ते चारही त्यांना तारखेसकट पाठ आहेत. दुकानात त्यांना ‘घुम्या’ म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात. ते त्यावरही काही बोलत नाहीत, म्हणून नाव टिकलं.

असा माणूस रॉक बँडच्या मागे वेडा असेल यावर कोण विश्वास ठेवील? मीही ठेवला नव्हता. बँड चौघांचा. गाणारी बाई दिवसा दाताच्या दवाखान्यात फोन घेते, ड्रमर शाळेची बस चालवतो. अकरा वर्षं ही मंडळी दुसऱ्यांच्या आधी वाजवतात. मोठा बँड यायच्या आधी अर्धा तास यांना मिळतो. हॉल अर्धा रिकामा, निम्मे लोक मंचाकडे पाठ करून गप्पा मारणारे. गाढवापुढे वाचली गीता म्हणजे काय ते तिथं जाऊन बघावं. त्यांची स्वतःची एकही रेकॉर्ड निघालेली नाही. त्यांची गाणी कुठे शिल्लक असतील तर ती भावोजींच्या कपाटात.

पहिल्याच वर्षी भावोजींनी बँडला मेल पाठवून रेकॉर्डिंगची परवानगी घेतली होती. दर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ते बँडला पाठवतात, खाली नाव न घालता. तिकडून ‘आभारी आहोत’ एवढं उत्तर येतं. समोर जाऊन भेटा म्हणून ताईने कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

रेकॉर्डिंगचे त्यांचे नियम ऐकले तर तुम्ही हसाल. शर्टाच्या कॉलरला दोन बाजूंना दोन बारीक माईक, खिशात यंत्र. सळसळणारं जाकीट नको, किल्ल्या घरी. एकदा जागा धरली की मान वळवायची नाही, कारण मान वळली की कॉलर घासते. टाळी नाही, शिट्टी नाही, आणि गाणं कितीही आवडलं तरी सोबत गायचं नाही. माईक गळ्याशी असल्यामुळे स्वतःचाच आवाज सगळ्यात मोठा येतो. आपल्या आवडत्या बँडसमोर हा माणूस अकरा वर्षं मूग गिळून उभा आहे. मला ते सोबत नेतात ते भिंत म्हणून. मी डाव्या बाजूला उभं राहायचं आणि बडबड्या लोकांना लांब ठेवायचं. भिंतीनेही बोलायचं नाही, हे ओघाने आलंच.

एका गाण्यावर त्यांचा फार जीव होता. बँडने ते पूर्वी दोनदाच वाजवलेलं. पहिल्या वेळी शेजारच्याला खोकल्याची उबळ आली, दुसऱ्या वेळी यंत्राची बॅटरी संपली. त्या बिघडलेल्या रेकॉर्डिंगवरूनच भावोजींनी शब्द न् शब्द पाठ केला होता. ते गाणं एकदा स्वच्छ मिळावं, बाकी काही नको, असं ते म्हणायचे. एरवी काही न मागणारा माणूस, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

त्या संध्याकाळी शेवटच्या गाण्याची सुरुवात झाली आणि भावोजींनी माझा हात धरला. तेच गाणं होतं. पहिलं कडवं संपल्यावर गाणाऱ्या बाईंनी वादकांना हळू वाजवायची खूण केली.

“तीन महिने आमची भांडणं चाललीत,” त्या हसत म्हणाल्या. “बँड ठेवायचा की मोडायचा? आमचा ड्रमर म्हणतो, आपलं गाणं कुणाला येत नाही. मी म्हणते, येत असेल एखाद्याला. दुसरं कडवं मी गाणार नाही. तुम्ही गा. एक जण जरी गायला, तरी आम्ही बँड मोडणार नाही.”

त्यांनी माईक लोकांसमोर धरला. ड्रमर हसत नव्हता.

आठ ओळींचं कडवं. गिटार वाजत राहिली. मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. मी भावोजींकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठ गच्च मिटलेले. गा की, असं मला ओरडावंसं वाटलं. पण मी भिंत. मीही गप्प राहिलो, आणि त्याचा मला अजून राग येतो. आठ ओळी रिकाम्या गेल्या. बाईंनी माईक परत तोंडाशी नेला, उरलेलं गाणं पुरं केलं, लोकांनी शिष्टाचारापुरत्या टाळ्या वाजवल्या.

बाहेर पायऱ्यांवर भावोजींनी यंत्र कानाला लावून ऐकलं.

“एकदम स्वच्छ आलंय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते घरी लावलं तेव्हा मी तिथंच होतो. ताई इस्त्री करत होती. ती एकाही कार्यक्रमाला गेलेली नाही, तिला या कटकटीचा वैताग आहे. पण अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय. दुसरं कडवं आलं आणि इस्त्री फिरवता फिरवता तिने ते सरळ म्हणून टाकलं, आठही ओळी.

“इथं कुणी गात का नाही?” तिने विचारलं.

मी झालेलं सांगितलं.

“अहो, मग तुम्ही?”

“रेकॉर्डिंग चालू होतं,” भावोजी म्हणाले.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली आणि आत निघून गेली. त्या दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे नाव न घालता रेकॉर्डिंग बँडला पाठवून दिलं.

आठवड्याने ड्रमरचं उत्तर आलं. भावोजींनी फोन माझ्या हातात दिला. त्यात लिहिलं होतं: “इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग आमचं कधी झालं नव्हतं. आमच्या बाई मानायला तयार नव्हत्या. पुढे कुणीतरी हळू गात होतं, आपल्याला ऐकू आलं नसेल, असंच त्या म्हणत होत्या. म्हणून आम्ही चौघांनी तुमचं रेकॉर्डिंग आवाज वाढवून तीनदा ऐकलं. कुणी गात नव्हतं. त्यांचीही खात्री पटली. आता बँड थांबवतोय. सगळ्याबद्दल आभार.”

“कळवा त्यांना,” मी म्हटलं, “तुम्हाला येतं म्हणून.”

भावोजींनी फोन परत घेतला.

“माईक माझ्या गळ्याशीच होता,” ते म्हणाले. “नुसतं पुटपुटलो असतो, तरी आलं असतं त्यात.”