माझ्याच बोटांचं रक्त

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही; ती हे न ऐकताच गेली. आता तुम्हाला सांगायला बसलो आहे, तर — कुठून धरू?

स्वातंत्र्य मिळून सातेक वर्षं झाली असतील. मी अहेरीला हिवतापाच्या कामावर होतो. एका नव्या गोळीची परीक्षा चालली होती. माझ्या वाट्याला नाल्यापलीकडचं, जंगलातलं एक गाव आलं. महिन्यातून एकदा जायचं, चाळीस माणसांना गोळ्या द्यायच्या, प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. एवढंच. त्या पट्ट्यांवरून गोळी लागू पडते की नाही, ते ठरणार होतं.

आषाढात नाला फुगला. मी काठावर बसून राहिलो. घाबरलो होतो, खरं आहे — पण परत फिरून 'जाता आलं नाही' म्हणता आलं नसतं का? आलं असतं. मी सुई काढली आणि स्वतःचं बोट टोचलं. मग दुसरं. मग दहाही. चाळीस पट्ट्या, त्यांवर चाळीस नावं. गोळ्या पाण्यात सोडल्या. श्रावणात नाला उतरला, तरी गेलो नाही. भादव्यातही नाही; दर महिन्याच्या पट्ट्या माझ्याच रक्ताच्या. मी स्वतः नेमानं गोळी घेत होतो. माझ्या रक्तात ताप कुठून सापडणार?

पट्ट्या तपासायला गोविंदभाऊ होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा, साधा माणूस. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, तिथच्या लेकरायच्या अंगात रगत नाई, अन् या चाळीसही पट्ट्या एकसारख्या कशा? तू गेलता ना गावात?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी काय केलं? आमच्या कामावरच्या साहेबांकडे जाऊन सांगितलं, गोविंदभाऊ पट्ट्यांची गल्लत करतात आणि वर माझ्यावर आळ घेतात. साहेबांनी ऐकलं. गोविंदभाऊंची नोकरी गेली. जाताना त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.

पुढं — अहवालात लिहिलं गेलं की त्या गावात ताप उरला नाही. गावासाठी ठेवलेलं क्विनाइन दुसरीकडे पाठवलं.

दसऱ्यानंतर मी गेलो. घरोघरी माणसं खाटेवर. चिमाबाई नावाची एक बाई तापानं फणफणत बाहेर आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं बोट पुढं केलं.

"घ्या न भाऊ रगत. पोरी रोज इचारत, गोळीवाला भाऊ कवा येते मनून. दोघी बी गेल्या जी."

मी तिचं रक्त घेतलं. आषाढानंतरचं पहिलं खरं रक्त. आणि परतीच्या वाटेवर — थांबा, सांगतो — ती पट्टी दगडावर आपटून फोडली. पुन्हा माझंच बोट टोचलं.

गोळी चांगली ठरली. मला बढती मिळाली. साहेबांनी कधी अचानक येऊन पाहिलं नाही. पण ते पाहत नव्हते म्हणून मी खोटा झालो, असं नाही.

चिमाबाईच्या मुली पोळ्याच्या आधीच गेल्या होत्या. भादव्यात मी त्या दोघींच्या नावानंही पट्ट्या भरल्या. निरोगी, असा शेरा पडला.