आबांच्या हातात नारळ

आबांना आनंदी करायचं मी ठरवलं, तेव्हा आबांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

आबा म्हणजे माझे सासरे. लांज्याजवळच्या एका गावात त्यांची शेती, काजूची झाडं आणि देवळातला मान. मान कसला? तर गाऱ्हाणं घालायचा! गावात कुणाचं लग्न ठरो, कुणी मुंबईला नोकरीला निघो, नाहीतर कुणाची म्हैस आटो, आबा नारळ हातात घेऊन देवासमोर उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात त्याला सगळी हकीकत सांगायचे. मागे उभा असलेला गाव एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचा. (देवाला नाही म्हणायची सोयच उरायची नाही.)

मग एका पावसाळ्यात आबा अंगणात शेवाळावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि आम्ही त्यांना रत्नागिरीला आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. गाऱ्हाण्याचा मान पुतण्याकडे गेला. हाड जुळलं, पण आबांचा आवाज बहुतेक गावीच राहिला. "कसं वाटतंय, आबा?" "बरा हाय." "भाजी कशी झालीय?" "बरी हाय." एवढंच! दिवसभर खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायचे. ज्यांचा आवाज अख्खा गाव ऐकायचा, ते आपल्या घरात असे मुके होऊन बसलेत हे बघून मला खरंच रडू यायचं.

तेवढ्यात घरी वयस्कर माणसं असणाऱ्यांसाठी एक शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या मॅडमनी आम्हाला आनंदाचं शास्त्र शिकवलं. रोज तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या, सावकाश चव घेत जेवायचं, मोकळं हसायचं आणि ज्येष्ठांचा सन्मान करायचा. (काळजी घेणाऱ्याने आधी स्वतःचीही काळजी घ्यावी, असंही त्या म्हणाल्या म्हणे. मी तेव्हा चहाच्या रांगेत होते.) मी घरी आले ती पायात भिंगरी लावूनच!

"आबा, आज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी सांगा बघू!"

आबांनी बराच विचार केला. "पोट साफ झाला."

"वा! दुसरी?"

"सकालीच झाला."

"आणि तिसरी?"

"तू आता गप ऱ्हायलीस तर ती पन हुईल."

हे शब्द मोजले तर आधीच्या अख्ख्या आठवड्यापेक्षा जास्त भरत होते! शास्त्र लागू पडतंय म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सावकाश जेवण. "आबा, घास तोंडात घोळवा. तांदळाचा विचार करा. लावणी करणाऱ्या हातांचा विचार करा." आबांनी आयुष्यभर लावणी केलेली. त्यांनी स्वतःच्या हातांकडे एकदा बघितलं आणि भात पुढे ओढला. तिकडे आमच्या ह्यांच्या ताटातला बांगडा थंड पडला होता, कारण सगळ्यांनी एका लयीत चावायचं असा मी नियमच केला होता. "अगो, मला ऑफिसला जायचंय," हे म्हणाले. "उशीर होईल, पण आनंदी पोचाल," मी म्हणाले.

त्यात फणसाचे दिवस. आबांना मधुमेह, त्यामुळे डॉक्टरांनी गरे बंद केलेले. पण मॅडम म्हणाल्या होत्या की आनंद वासातूनसुद्धा मिळतो! मी काप्या फणसाचा एक पिवळाजर्द गरा वाटीत घालून आबांच्या नाकाखाली धरला. "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. कृतज्ञ व्हा." आबांनी डोळे मिटले, श्वास घेतला, तोंड उघडलं... आणि मी वाटी काढून घेतली. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मला वाटलं कृतज्ञतेनेच बघितलं.

मग हसण्याचा व्यायाम सुरू केला. मी गॅलरीत उभी राहून दोन्ही हात वर करून "हा हा हा! हो हो हो!" करत होते आणि आबा भिंतीला टेकून माझ्यापासून जमेल तितके लांब बसले होते. दारावर थापा पडल्या. खालच्या मजल्यावरच्या हमीदाभाभी धापा टाकत आल्या होत्या. त्यांचा मुलगा कतारला असतो, त्यामुळे आमचं घर हाच त्यांचा दिवसभराचा विरंगुळा.

"काय झाला गो? कोन रडतंय?"

"रडत नाही भाभी, हसतेय! आबांना आनंद होतोय!"

भाभींनी आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "लिंबू उतरवून टाकू काय तुज्यावरून?"

आता कुणीही शहाणी बाई इथे थांबली असती. मी मेळावा ठरवला! मॅडमनी सांगितलेला सन्मान तेवढा बाकी होता. शनिवारी संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, सगळ्या मजल्यांवरची माणसं गोळा केली आणि आबांना काठीच्या आधाराने खाली आणलं. त्यांनी चारचौघांत दोन शब्द बोलावेत, एवढीच माझी धडपड होती. मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. आणि हातात श्रीफळ दिलं.

इथे चुकलं! जन्मभर गाऱ्हाणं घातलेल्या माणसाच्या हातात नारळ द्यायचा आणि समोर पन्नासेक कोकणातली माणसं बसवायची, याला सत्कार म्हणत नाहीत.

आबांनी नारळाकडे बघितलं. चपला काढल्या. काठी आमच्या ह्यांच्या हातात दिली. मान ताठ झाली आणि पार्किंगमधल्या स्कूटर थरथरतील असा आवाज निघाला, "बा देवा म्हाराजाऽऽ!"

सगळी बिल्डिंग उभी राहिली. कुणाला सांगावं लागलंच नाही.

"आज ही तुजी लेकरा हितं जमलीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या पोराबालांना सुकी ठेव! भाभीचा झील परमुलकात हाय, त्याची राखन कर!"

"व्हय म्हाराजा!" भाभींनी डोक्यावरचा पदर सावरून सगळ्यांच्या वरताण आवाज लावला. माझे डोळे भरून आले. शास्त्र जिंकलं होतं!

"आनि ही माजी सून म्हाराजा! गुनाची हाय!"

"व्हय म्हाराजा!" मी मान खाली घालून लाजले.

"पन हिच्या डोक्यात आनंद शिरलाय! तो भायेर काड!"

"व्हय म्हाराजा!!" हा आवाज मात्र नको इतका मोठा होता.

"फनसाचा वास देते, गरा देत नाय!" बायकांमधून "अगो बाई!" असा सुस्कारा उठला. "पोराला उपाशी कामावर धाडते!" "व्हय म्हाराजा!" हे आमच्या ह्यांनी एकट्यानेच म्हटलं. "सकालच्या पारी भुतावानी हसते!" "व्हय म्हाराजा!" हे म्हणायला तिसरा मजला पुढे होता, म्हणजे तिथपर्यंत ऐकू जात होतं!

मला पार्किंगमधल्या पाण्याच्या टाकीत उडी मारावीशी वाटली. तेवढ्यात आबांचा आवाज खाली आला.

"पन ती दमलीय म्हाराजा. माजा पाय चोलते, सोताच्या गुडग्याला कोन तेल लावीत नाय. तिला जरा इसावा दे. दोन दिस गुहागरला म्हायेरी जाऊ दे. तवर हितली सगली मानसा माजा बगतील."

"व्हय म्हाराजा," सगळे हळू म्हणाले.

मी पदराने नाक पुसत राहिले. आबांनी ओळखलं होतं! खिडकीतून टाकीकडे बघणाऱ्या माणसाला माझा गुडघा कधी दिसला, देव जाणे. आबांनी नारळ फोडला, माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "खा. सावकाश चावायची गरज नाय."

तर मी गुहागरला गेले. आईच्या हातचं खाल्लं, समुद्रावर फिरले, दुपारी झोपले आणि दुसऱ्या संध्याकाळी काळजीने घरी फोन लावला.

"आबा कसे आहेत हो?"

"आबांना वेळ नाही!" हे ओरडून म्हणाले. मागे जत्रेसारखा गलका चालू होता. "खाली रांग लागलीय. कुणाचा परीक्षेचा निकाल, कुणाची बदली, कुणाच्या नळाला पाणी नाही! आबा सकाळपासून खुर्चीवर बसलेत आणि सारखं हसतायत. थांब, आता तुझ्यासाठीच घालतायत, ऐक."

मी फोन कानाला घट्ट लावला. आबांचा तो खणखणीत आवाज आता गुहागरलासुद्धा फोनशिवाय ऐकू आला असता.

"बा देवा म्हाराजा! सून म्हायेरी गेली, तवापासनं आमी सगली खुशीत हाव! तिला आजून आट दिस थितंच ठेव रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!!" त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या ह्यांचा होता.

आनंदाचं शास्त्र शेवटी एकदाचं लागू पडलं होतं. त्यात अडचण होती ती फक्त माझी! मी चप्पल काढली, हात जोडले आणि माहेरच्या ओटीवरून मीही मोठ्यांदा म्हटलं, "व्हय म्हाराजा!"