साठचा फ्यूज
परवा मिक्सरची वायर जळाली आणि त्या उग्र वासाने मला वीस-बावीस वर्षांपूर्वीचं हिंगणघाटचं आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आठवलं. तेव्हा काउंटरवर मी बसायचे. एका जीपवाल्याने गाडीत गाण्यांसाठी मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. तीस अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून तो साठचा मागत होता. मी म्हटलं, "काका, तुमची तार बारीक आहे. आधी जाड तार टाका, नाईतर फ्यूज राहीन अन् तारच जळन." तो हसला. "गाणे मी ऐकून राह्यलो का तू? भावाले बोलाव." भावाने येऊन साठचा काढून दिला. बाबा तिथेच गल्ल्यावर बसले होते. चौथ्या दिवशी वडनेरच्या रस्त्यावर सीटखालची तार पेटली, माणसं कशीबशी उतरली आणि अर्धी जीप जळाली. जीपवाला ओरडत दुकानात आला, तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "साठचा पोरीच्या हातून गेला असन. तिले यातलं काय समजते?" भाऊ पाना पुसत राहिला. दुसऱ्या दिवसापासून माझं काउंटरवर बसणं बंद झालं. आता दुकान भावाच्या नावावर आहे. कोणत्या तारेला कितीचा फ्यूज, हे विचारायला तो अजून मलाच फोन करतो. मी नीट सांगते. गाडीत बसणाऱ्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही.